पहाटेचें धांवणें आणि धाराशिवची थंडी

धाराशिव जिल्ह्यांतील थंडी मोठी फसवी असते. बालाघाटच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषांत आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. त्यामुळें दिवसा सांठविलेली ऊब जमीन रात्रभर गमावीत राहते आणि सूर्योदयाच्या सुमाराची वेळ सर्वांत गार ठरते. तेंच ऊन वर आलें कीं अंगावरची लोकर नकोशी होते. ही थंडी पहाटेच्या कांहीं तासांची पाहुणी. आणि नेमक्या त्याच तासांत गांवोगांवचीं मुलें-मुली धांवण्यासाठीं घराबाहेर पडतात.

त्यांचें धांवणें ही केवळ हौस नव्हे. पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पोलीस शिपाई भरती असते. तिच्या शारीरिक चांचणीच्या ५० गुणांपैकीं २० गुण मुलांच्या १६०० व मुलींच्या ८०० मीटर धांवण्याला असतात. कोणाच्या मनांत खोखोचें मैदान असतें. कारण २०१६ सालीं गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खोखो संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. त्यांना २०२० सालचा अर्जुन पुरस्कारही मिळाला. ऐन चांचणीच्या तोंडावर मांडीचा स्नायू दुखावला, तर वर्षाची मेहनत वायां जाते. म्हणून पोषाखाचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

चूक होते ती उंबरठ्यावर. घरांतील वडीलधारीं माणसें मायेनें जाड स्वेटर घालतात, गळ्याभोंवतीं मफलर गुंडाळतात. पण ही तयारी अंगणांत उभें राहणाऱ्याची झाली. धांवतांना स्नायू जी शक्ति खर्च करतात तिचा सुमारें तीनचतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. दहा मिनिटांत घाम सुटतो, सुती सदरा तो शोषून ओलाच राहतो, आणि ओलें कापड कोरड्यापेक्षां कितीतरी वेगानें अंगाची ऊब पळवितें. यास्तव दारांतून निघतांना किंचित् हुडहुडी भरली, तर पोषाख बरोबर आहे असें समजावें.

अंगालगत घाम लौकर वाळूं देणारें पातळ पॉलिएस्टरचें वस्त्र असावें. त्यावर पूर्ण बाह्यांचा हलका सदरा. आणि कडाका असेल तरच कमरेला बांधतां येईल असें तिसरें वस्त्र. कान व बोटें मात्र आधीं गारठतात. कानटोपी व पातळ हातमोजे पुढें खिशांत जाऊं शकतात.

गारठलेला स्नायू मंद आकुंचन पावतो, म्हणून त्याच्यावर एकदम जोर टाकूं नये. प्रथम पांच मिनिटें भरभर चालावें, मग तितकाच वेळ सावकाश धांवावें, पाय पुढें-मागें झोंकावेत, आणि मगच वेग धरावा. स्नायू बराच वेळ ताणून धरण्याचा व्यायाम शेवटीं करावा. कोरडी गार हवा श्वासनलिकेला झोंबते. दम्याचा विकार असणाऱ्यानें डॉक्टरांनीं दिलेलें औषध जवळ ठेवावें. थंडींत तहान कमी लागते, पण शरीराची पाण्याची गरज संपत नाहीं.

आणखी एक धोका अंधाराचा. सोलापूर-धुळें महामार्ग धाराशिवजवळून जातो आणि त्यावर अवजड वाहनांची रहदारी असते. धांवण्यासाठीं मैदान उत्तम. तें नसेल तर लहान रस्ता निवडावा, समोरून येणारें वाहन दिसेल अशा बाजूनें धांवावें, आणि अंगावर पांढरें किंवा प्रकाशांत चमकणाऱ्या पट्ट्यांचें वस्त्र असावें.

धांव संपली कीं सर्दीची खरी वेळ येते. शरीर ऊब निर्माण करण्याचें थांबतें, पण घामाचा ओलावा अंगावरच राहतो. तेव्हां गप्पा मारीत उभें न राहतां ओला सदरा बदलावा, मग हवी तर घोंगडी पांघरावी. आईच्या मायेचा तो स्वेटरही तेव्हांच अंगावर चढवावा. त्याची योग्य वेळ धांवण्याआधींची नव्हे, नंतरची आहे.