सांध्यांची सूज आणि पोटातली शेती

(ओतूर येथे प्रौढ साक्षरांपुढे केलेले भाषण)



आज आपण सुजेविषयी बोलू. पायात काटा मोडला की काय होते? तेवढी जागा लाल होते. गरम लागते. फुगते आणि ठणकते. ही सूज वाईट नाही. ती अंगाची राखण आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि जंतूंशी झुंजतात. काम झाले की सूज ओसरते.

पण काहींच्या अंगात काटा नसताना सूज येते आणि ओसरतच नाही. राखणदारच घरच्या माणसांवर काठी उगारतो, तसे होते. हा मारा सांध्यांवर झाला म्हणजे आपण त्याला आमवात म्हणतो. हे दुखणे आठ दिवसांचे नसते. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे राहावे लागते.

समजा, चाळीस वर्षांची एक बाई आहे. पहाटे उठते तेव्हा हाताची बोटे वळत नाहीत. पीठ मळवत नाही. कांद्याची पात कापायला गेली, तर विळा धरवत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." ती दुकानातून दुखण्याची गोळी आणते. चार घटका बरे वाटते. पुन्हा गोळी. असे वर्ष जाते. गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू होते, आणि बोटे वाकडी व्हायची ती होतातच.

अशी बाई आपल्या गावात नाही, असे कोण म्हणेल? तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक दवाखान्याची आणि दुसरी चुलीची. दोन्ही लागतात.

पहिली गोष्ट दवाखान्याची

सकाळी सांधे अर्धा-एक तास आखडतात, हाताला सुजलेले लागतात आणि असे सहा आठवडे चालते, तर घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावे. रक्त तपासून घ्यावे. गरज पडली तर पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे. आमवाताचे खरे औषध नुसती वेदना मारत नाही, ते सूजच आवरते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते वेळेवर सुरू झाले तर सांधे वाचतात. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरी गोष्ट चुलीची

तुम्ही म्हणाल, "दुखतंय बोट, आणि तुम्ही पोटाचं काय सांगताय?" पण आपल्या जुन्या वैद्यांनीही हा संबंध जोडला होता. 'माधवनिदान' हा हजार वर्षांहून जुना ग्रंथ. त्यात आमवाताचे वर्णन आहे. न पचलेल्या अन्नाचा 'आम' होतो आणि तो सांध्यांत जातो, असे ते मानीत. आजचे शास्त्र हे निराळ्या शब्दांत सांगते.

मेचनिकॉफ नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ होता. 1882 साली त्याने समुद्रातल्या एका बारीक, पारदर्शक जिवाला काटा टोचला. काट्याभोवती पेशी गोळा झाल्या, ते त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. या शोधासाठी 1908 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हाच मेचनिकॉफ पुढे आतड्यातल्या जंतूंकडे वळला. लोकांना आंबवलेले दूध खा म्हणून सांगू लागला. आपल्याकडे तर दही-ताक घरोघर होतेच.

आपल्या मोठ्या आतड्यात लाखो कोटी जंतू राहतात. त्यांतले बहुतेक आपले वैरी नाहीत. ती आपल्या पोटातली शेती आहे. तुम्ही शेतकरी आहात. जमिनीला नुसता युरिया दिला आणि शेणखत, पालापाचोळा दिला नाही, तर माती कस धरीत नाही. पोटाचेही तसेच आहे. भाकरीतला कोंडा, कडधान्याचे साल, पालेभाजीचा चोथा आपल्याला पचत नाही. पण जंतूंचा तोच चारा आहे. तो खाऊन ते काही आम्ले तयार करतात. त्यांवर आतड्याचे अस्तर पोसते आणि सूज आटोक्यात राहायला मदत होते. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की चारा मिळाला नाही तर हे जंतू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात.

2021 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 36 माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींनी दहा आठवडे दह्यासारखे आंबवलेले पदार्थ जास्त खाल्ले. त्यांच्या पोटात जंतूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या.

पण नीट ध्यानात घ्या. ती माणसे निरोगी होती. ताक पिऊन आमवात बरा होतो, असे यावरून म्हणता येत नाही. चांगल्या आहाराने दुखण्याचा भार हलका व्हायला मदत होते. औषधाची जागा तो घेत नाही. "पोट साफ करतो, आमवात मुळासकट काढतो," असे सांगून कोणी पुड्या विकू लागला, तर त्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे आढळले आहे. त्याने चार दिवस झटकन बरे वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात.

मग खावे काय?

फार लांब जायला नको. बाजरी, नाचणी, ज्वारी आपलीच. मटकी, हुलगा, मूग यांची उसळ करा. आपल्या भागात कांदा मोप पिकतो. कांदा-लसणात या जंतूंना आवडणारा चारा असतो. सगळा कांदा बाजारात जाऊ देऊ नका, घरातही खा. जेवताना वाटीभर ताजे ताक घ्या. नाचणीची आंबील करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सांगितले आहे, की मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये खावीत.

श्रावणी सोमवारी आपण कपर्दिकेश्वराच्या यात्रेला जातो. उपास धरतो. उपास जरूर धरा. पण दिवसभर नुसता साबुदाणा नको. त्यात चोथा जवळजवळ नाहीच. भगर, राजगिरा, फळे आणि ताक घ्या.

एकदम बदल करू नका. पोट फुगेल, वारा धरेल. आठवड्याला थोडे थोडे वाढवा आणि पाणी पुरेसे प्या. आतड्यालाच सूज असेल, तर चोथा किती खावा हे डॉक्टरांना विचारा. शौचावाटे रक्त पडले, वजन घटू लागले किंवा ताप राहू लागला, तर घरचे उपाय थांबवा आणि तपासून घ्या.

आणखी तीन गोष्टी. विडी-सिगारेट सोडा, तिने आमवात वाढतो. पाणी उकळून गार करून प्या आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. वाईट जंतू पोटात गेले तर चांगल्यांची शेती मोडते. आणि जंतू मारणाऱ्या गोळ्या दुकानातून मनाने आणू नका. त्या तणाबरोबर पीकही जाळतात.

शेवटचे सांगतो. तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकलात. ती विद्या इथे कामी लावा. एक वही घाला. रोज चार ओळी लिहा. आज काय खाल्ले? सकाळी बोटे किती वेळ आखडली? पोट कसे होते? औषध घेतले का? दोन महिन्यांनी ती वही वाचून पाहा. काय सोसते आणि काय सोसत नाही, ते तुम्हालाच दिसेल. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांनी विचारले, "केव्हापासून दुखतंय?" तर आठवत बसायला नको. पान काढून दाखवा.

एवढे बोलून थांबतो. राम राम.