अमेरिकेतला साधा माणूस आणि त्याची गाडी
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. आपण सहा महिने तिकडे जातो आणि परत आलो की धबधबा, देऊळ आणि मॉल यांचं वर्णन करतो. मी लेकीकडे होतो तेव्हा दुपारच्या वेळी शेजारपाजारच्या लोकांशी बोलायचा मला नादच लागला. डॉक्टर-इंजिनियर सोडून द्या. गोदामात काम करणारे, शाळेची बस चालवणारे, नर्सबाई असे हे लोक. त्यांच्या बोलण्यात दोन विषय हटकून निघत. एक गाडी आणि दुसरा सरकार. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की हे दोन विषय नाहीतच, एकच आहे.

आपल्याकडे गाडी घेतली की पेढे वाटतात. तिथे गाडी म्हणजे चप्पल. ती नसेल तर घराबाहेर पडता येत नाही. १०० पैकी ९० हून अधिक घरांत गाडी आहे, आणि यात श्रीमंतीचा काही भाग नाही. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या सहीने महामार्गांचा मोठा कायदा झाला, वस्त्या शहराबाहेर पसरत गेल्या, ट्राम आणि बस मागे पडल्या. आता दूध आणायचं तरी गाडी, कामावर जायचं तरी गाडी. गाडी चार दिवस बंद पडली तर नोकरी जाऊ शकते. त्यामुळे लोक सहा-सहा, सात-सात वर्षांच्या हप्त्यांवर गाड्या घेतात. हप्ते फिटेपर्यंत गाडी जुनी होते, मग पुढचे हप्ते सुरू.

आता पेट्रोलच्या पाटीकडे या. पंपावर भलामोठा आकडा लावलेला असतो, आणि त्याच्या शेपटीला नऊ दशांश सेंट! बाटाच्या दुकानातल्या किमतीसारखा प्रकार. तांदळाचा भाव कोणाला पाठ नसतो, हा आकडा मात्र प्रत्येकाला येता-जाता दिसतो. म्हणून राष्ट्राध्यक्षाची परीक्षा त्या पाटीवर होते. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल मिळू लागलं. १९७९ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा कार्टर यांनी जुलै महिन्यात टीव्हीवरून देशाला सांगितलं की आपल्यावर आत्मविश्वासाचं संकट आहे, उधळपट्टी कमी करा. भाषण आधी लोकांना आवडलं, असं म्हणतात. पण पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. इराणमधले ओलीस वगैरे इतर कारणं होतीच, तरी रांगेत उभा राहिलेला माणूस रांग विसरत नाही. २०२२ च्या जूनमध्ये गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा, सरासरी भाव प्रथमच पाच डॉलरच्या वर गेला. तेव्हा पंपांवर बायडेन यांच्या चित्राचे स्टिकर चिकटवलेले असत. आकड्याकडे बोट, आणि खाली ‘हे मी केलं!’ खरं म्हणजे कच्च्या तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, राष्ट्राध्यक्षाच्या हाती त्यातलं फार थोडं असतं. पण भाव उतरला की प्रत्येक राष्ट्राध्यक्ष श्रेय घेतोच, मग चढल्यावर शिव्याही घ्याव्यात, हे शेजाऱ्याचं म्हणणं मला काही चूक वाटलं नाही.

गंमत अशी की केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे, आणि तो १९९३ पासून तेवढाच. रस्ते त्याच पैशातून व्हायचे. महागाई वाढली, खड्डे वाढले, पण कर वाढवायची हिंमत दोन्ही पक्षांत नाही. आणि खड्ड्यांवरून शिव्या देणारेही हेच मतदार.

पण या माणसाने नुसती कुरकुर केली असं समजू नका. १९५८ पर्यंत विक्रेता नव्या गाडीची तोंडाला येईल ती किंमत सांगे. ओक्लाहोमाचे सिनेटर मनरोनी यांनी कायदा आणला, तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील चिकटवलेला असतो. ग्राहकाच्या हाती गाडी जाण्याआधी तो कागद काढणं हा गुन्हा आहे. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने गाड्यांच्या असुरक्षित बनावटीवर पुस्तक लिहिलं. जनरल मोटर्सने त्याच्यामागे गुप्तहेर लावले. प्रकरण उघड झालं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी सुरक्षेचा कायदा झाला.

मात्र सक्ती अंगाशी आली की हाच माणूस उलटतो. १९७४ च्या गाड्यांना अशी कळ बसवली की पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी तिलाही पट्टा बांधायला सांगे! लोक इतके भडकले की त्याच वर्षी संसदेने ती सक्ती काढून टाकली.

आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. तिकडे गाडीच लिंबू निघते. सतत बिघडणाऱ्या गाडीला ते ‘लेमन’ म्हणतात. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला. त्यानुसार पहिल्या दोन वर्षांत किंवा २४,००० मैलांत तोच मोठा दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. आज सगळ्या राज्यांत असे कायदे आहेत. इंदूरमध्ये गॅरेजच्या चकरा मारणाऱ्यांनो, हे ऐकून ठेवा.

पण हे प्रामुख्याने नव्या गाडीपुरतं. गरीब माणूस जुनी गाडी घेतो, आणि जुन्या गाडीला बहुतेक राज्यांत हे संरक्षण नाही. तिच्या काचेवर १९८५ पासून एक फॉर्म लावावा लागतो. त्यात ‘जशी आहे तशी’ या चौकोनात खूण असेल तर पुढचा खर्च तुमचा. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये याच जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला. गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा भीतीने कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं.

शेजारच्या गोदामवाल्याने अशीच ‘जशी आहे तशी’ गाडी घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या निम्मा. हप्ते मात्र चालू. दीड महिना तो पहाटे साडेचारला उठून एका सहकाऱ्याच्या गाडीतून कामावर जात होता, आणि पेट्रोलचे निम्मे पैसे देत होता. त्या वर्षी निवडणूक होती. कोणाला मत देणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी मला कोणी मतदान केंद्रावर सोडणार असेल, तर मग ठरवीन.