आधी हवालदार, मग त्याचा इतिहास



दुपारी तुमच्या कॉलेजचं प्रदर्शन बघताना कॉम्प्युटर विभागाच्या पोरांनी मला एका टेबलाशी बसवून घेतलं. मध्ये नकाशा, फासे आणि प्रत्येकापुढं एक कागद. म्हणाले, सर, हा रोल प्लेइंग गेम. कागदावर एक माणूस तयार करायचा आणि खेळ संपेपर्यंत त्याच्या तोंडानं बोलायचं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला.

मी कागद वाचले. पहिला योद्धा अनाथ, गाव जळालेलं, सूड घ्यायचाय. दुसरी जादूगारीण, तीही अनाथ, तिचंही गाव जळालेलं. तिसरा पोरकाच. म्हटलं, अरे, एवढी गावं जळाली आणि नगरपालिकेचा एक बंब पोचला नाही? तीन-तीन पानं इतिहास लिहिलेला. पण तुझ्या योद्ध्याला कुणी ‘जेवलास का?’ म्हणून विचारलं तर तो काय म्हणेल, हे एकालाही सांगता येईना.

पोरांनो, कागदाशिवाय माणूस उभा करायचं हे काम आपल्या सांगली जिल्ह्यात फार जुनं आहे. १८४३ साली सांगलीत, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढं न्यायचा आणि मधलं बोलणं पात्रांनी आपापल्या अकलेनं करायचं. तुमच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या आडोशामागं बसून एक मुलगा गोष्ट सांगत होता ना, त्याचं काम साधारण हेच. त्या नाटकांतले राक्षस ‘अललडुर्र!’ अशी आरोळी ठोकत यायचे. तेवढ्यावर राक्षस तयार. त्याचं बालपण कसं गेलं, हे सांगलीकरांनी कधी विचारल्याचं ऐकिवात नाही.

खरी शाळा मात्र तमाशाची. पठ्ठे बापूराव आपल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. म्हणजे दोघंही या वाळवा तालुक्याचेच. वगाची गोष्ट ठरलेली असायची, पण भाषणं पुष्कळदा उभ्या उभ्या जुळवलेली. गवळणीतली मावशी आठवा. चांगला बाप्या गडी, डोक्यावरून पदर घेतो, एक हात कमरेवर ठेवतो आणि झाली मावशी. कधी मिशीसकट! तरी आपण मान्य करतो. का? कारण मागच्या गवळणी तिला बिनदिक्कत ‘अगं मावशे’ म्हणून हाक मारतात आणि पेंद्या तिच्या तोंडाला लागायला भितो. वगातल्या राजाचंही तसंच. प्रधान ‘जी महाराज’ म्हणताना कमरेत वाकला, की मागं सिंहासन नसलं तरी चालतं. प्रधानच ताठ उभा राहिला, तर राजानं कितीही भरजरी अंगरखा घालू दे, काही उपयोग नाही. पात्र एकट्यानं उभं राहत नाही, समोरच्यानं ते उभं करायचं असतं. तुमच्या कागदावर नेमकी हीच जागा कोरी होती.

तमाशातलंच आणखी एक उदाहरण घ्या. मिरज तालुक्यात कवलापूर आहे. तिथले लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. घरात तमाशा आधीपासूनच होता, शिवा-संभा कवलापूरकर हे वडील-चुलत्यांचं नाव गाजलेलं. ‘जहरी प्याला’ या वगात या दोघांनी काळू आणि बाळू नावाचे हवालदार केले. ते हवालदार लोकांना असे पटले, की मूळ नावं मागं पडली आणि फडसुद्धा ‘काळू-बाळू’ याच नावानं ओळखला जाऊ लागला.

आता हवालदारच का पटावा? माझं मत सांगतो. हवालदार म्हटलं की पब्लिकला दोन माणसं आधीच दिसतात. एक, ज्याच्यावर तो डाफरतो. दुसरा, ज्याच्यापुढं तो टाचा जुळवतो. या दोघांच्या मध्ये तो चेपलेला असतो. म्हणून घाईत पात्र करायचं असेल, तर जळालेलं गाव राहू द्या. त्याचा धंदा काय, तो कुणाला दरडावतो, कुणाला टरकतो आणि आज रात्री त्याला काय पाहिजे, एवढं ठरवा.

करून बघू. हंगाम चालू आहे, म्हणून ऊसतोडीचा मुकादम घेऊ. टोळीला उचल देऊन बसलाय आणि टोळी रातोरात पळालीय. रात्री साडेअकराला तो पेठ नाक्यावर उभा आहे. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरवर आवाज चढवतोय, पण कारखान्याच्या शेती ऑफिसरचा फोन आला की आवाज एकदम मऊ. उजाडायच्या आत माणसं सापडली पाहिजेत. आता त्याला विचारा, “मुकादम, जेवलासा का?” तो म्हणतो, “आधी माणसं घावू द्या, मग जेवतो.” बघा, उत्तर आपसूक आलं. त्याचे आईबाप हयात आहेत का, मला ठाऊक नाही. खेळता खेळता कळेल, नाही कळलं तरी बिघडत नाही.

अजून एक गोष्ट दुपारी बघितली, ती बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही जुन्या नियमानं खेळत होता. ताकद, बुद्धी वगैरे सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे. एकाची बुद्धी चार पडली आणि तो ‘परत टाकतो, परत टाकतो’ म्हणून रडकुंडीला आला. अरे बाबा, तेच ठेव! तमाशातल्या सोंगाड्याचं सगळं भांडवल तेवढंच असतं. राजापुढं उभा राहून तो इतका बावळट प्रश्न विचारतो, की प्रधानाला हसू आवरत नाही आणि राजाला उत्तर सुचत नाही. अण्णाभाऊंनी लोकनाट्यात हाच सोंगाड्या सावकारापुढं आणि गिरणीमालकापुढं उभा केला. अठराच्या अठरा पडलेल्या वीराला असला प्रश्न सुचायचा नाही. त्याला नुसतीच तलवार चालवता येते आणि थोड्या वेळानं त्याचा कंटाळा येतो.

बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम मघापासून प्राचार्यांकडं बघून हसतायत आणि माझ्याकडं बघून घड्याळ दाखवतायत. त्या कुणाला भितात, कुणाला दरडावतात आणि आत्ता त्यांना काय पाहिजे, हे सगळ्या मंडपाला कळलंय. तेव्हा मी बसतो, तुम्ही बक्षिसं घ्यायला या.