माप तेच, दाणे कमी



मला विषय दिलाय ‘वाहनाची उन्हाळ्यातली निगा’. टायर, रेडिएटरचं पाणी, बॅटरी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी इथे रेडिओवर येऊन सांगून जातंच. मी आज इंजिनात जाणाऱ्या हवेबद्दल बोलणार आहे. आणि तेही मुख्यतः आमच्या वणीच्या, दिंडोरीच्या, कळवणच्या त्या पोरांसाठी, जी रविवारी सापुताऱ्याच्या रस्त्याला गाड्या काढतात आणि चहाच्या टपरीवर बोनेट उघडून एकमेकांना कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, दाखवतात. बाकीच्या श्रोत्यांनी ऐकावं, घरात असा एखादा असतोच.

पोरांनो, फिल्टर विकणारा तुम्हाला काय सांगतो? हे कोल्ड एअर इनटेक आहे, थंड हवेचं. आणि बसवतो कुठे? कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकतो आणि हा चकचकीत कोन बोनेटच्या आतच उघडा ठेवतो. रेडिएटरच्या मागे, तापलेल्या इंजिनापासून वीतभर अंतरावर. आता मला सांगा, तिथे थंड हवा येणार कुठून? डब्यावर लिहिलंय म्हणून?

हे नीट समजायचं तर ज्वारी आणि लाह्या डोळ्यांपुढे आणा. पायलीभर ज्वारी घ्या आणि पायलीभर लाह्या घ्या. माप तेच, दोन्ही काठोकाठ भरलेली. पण उचलून बघा. लाह्यांची पायली पोरगंसुद्धा उचलेल. तापली की ज्वारी फुलते, एकेक दाणा जास्त जागा अडवतो, मग त्याच मापात दाणे किती मावतात? हवेचं अगदी असंच आहे. थंड हवा म्हणजे ज्वारी, तापलेली हवा म्हणजे लाह्या. आणि इंजिन म्हणजे नुसतं माप. बाराशे सीसीचं इंजिन दर दोन फेऱ्यांत बाराशे घन सेंटिमीटर भरून घेतं, त्यात ज्वारी आहे की लाह्या हे त्याला कळत नाही. ताकद मात्र मापावर मिळत नाही, वजनावर मिळते. पेट्रोल हा यातला गूळ समजा. गूळ किती घालायचा हे दाण्यांच्या वजनावर ठरतं, साधारण पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. आजच्या गाडीत सेन्सर हवेचा हिशेब लावतात आणि त्याप्रमाणे इंजेक्टर पेट्रोल सोडतो. दाणे कमी आले की गूळ कमी पडतो, आणि लाडू लहान होतो. पाय तुम्ही कितीही दाबा.

आता हवा काही लाहीइतकी फुगत नाही, हे खरं. पण हिशेब सोपा आहे, तो लिहून घ्या: हवा दर तीन अंशांनी तापली की वजनाने साधारण एक टक्का कमी होते. बाहेर ३८ अंश आणि बोनेटखाली ६८, म्हणजे तीस अंशांचा फरक, म्हणजे नऊ-दहा टक्के हवा गेली. पंच्याऐंशी हॉर्सपॉवरच्या गाडीतून सात-आठ हॉर्सपॉवर तुम्ही स्वतःच्या पैशाने काढून टाकली. शिवाय गरम हवेने पेट्रोल इंजिन नॉकिंग करायला लागतं, म्हणून गाडीतला संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तिथे आणखी थोडी ताकद जाते.

एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरहून जास्त हवा लागते. टाकीत पेट्रोल कुठल्या पंपाचं भरायचं यावर तुम्ही तासभर वाद घालता. ही नऊ हजार लिटर कुठून येते, ते विचारत नाही.

हवेची किंमत ज्यांना कळते त्यांच्याकडे बघा. जागतिक रॅलीत वरच्या वर्गातल्या टर्बो गाड्यांच्या हवेच्या वाटेत ठरावीक मापाचं एक कडं घालावंच लागतं, म्हणजे हवाच मोजून द्यायची. २०१७ मध्ये ते कडं ३३ मिलिमीटरवरून ३६ केलं आणि तीनशेच्या आसपास असलेली ताकद ३८० हॉर्सपॉवरपर्यंत गेली. फक्त तीन मिलिमीटर! आपल्याकडे ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकला भरायची तेव्हा तुमच्यापैकी कित्येक जण धूळ खात बघायला उभे होतात. गाड्यांचे स्टिकर पाठ केलेत, हवेची वाट कोणी पाहिली? आणि इतकं लांब तरी कशाला, ओझरला एचएएलमध्ये १९६४ पासून लढाऊ विमानांचं काम चालतं. तिथल्या कुणालाही विचारा, उन्हाळ्याच्या दुपारी विमानाला उडायला धावपट्टी जास्त लागते. का? लाह्या!

बरं, आपला घाट घ्या. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली झाली आहे, पण ती वरच्या पायऱ्यांसाठी. नांदुरीचा घाट गाडीलाच चढायचा असतो. चढताना दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. त्याला आपल्याकडे इलाज नाही. पुढे एसटी, तिच्या मागे भाविकांनी भरलेली जीप, तिच्या मागे तुम्ही, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. वारा लागत नाही, पंखा सारखा चालू, आणि रेडिएटरमधून निघालेली सगळी झळ मागे तुमच्या कोनावर. हायवेला ऐंशी-नव्वदने जाताना बोनेटखाली वारा खेळतो, तिथे फरक पुष्कळ कमी होतो, हेही सांगायला हवं. पण जिथे ताकद हवी असते, तिथेच तुमचं माप लाह्यांनी भरतंय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं, त्यात बसणारं एक छोटं यंत्र मिळतं, मोबाइलला जोडलं की आकडे दिसतात. त्यात ‘इनटेक एअर टेंपरेचर’ असा आकडा शोधा. नांदुरी फाट्यावर गाडी चालू ठेवून दहा मिनिटं उभे राहा. कोन फिल्टरच्या गाडीत तो आकडा कसा चढतो बघा: पन्नास, पंचावन्न, साठ. डब्याच्या गाडीतही चढतो, नाही असं नाही. पण डब्याची गाडी निघाली की काही वेळात आकडा उतरायला लागतो, बाहेरच्या हवेच्या जवळ येतो. कोनवाल्याचा घाटभर तिथेच रेंगाळतो. गाडी चालवताना मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघू नका.

मग तुम्ही म्हणाल, ‘सर, पण पिकअप वाढल्यासारखा वाटतो.’ वाटणारच. कंपनीच्या डब्यात आवाज गिळायची सोय केलेली असते. डबा गेला की इंजिन हवा ओढतं त्याचा घुर्र असा आवाज आत येतो, आणि कान पायाला सांगतो की गाडी पळतेय. घड्याळ लावा ना. सपाट मोकळा रस्ता, तीच गाडी, तोच ड्रायव्हर, वीस ते ऐंशी. घड्याळाला आवाज ऐकू येत नाही.

आणि गंमत अशी की थंड हवा गाडीला पहिल्यापासून मिळत असते. टॉर्च घ्या, बोनेट उघडा, फिल्टरच्या डब्यातून निघालेली नळी बोटाने धरून पुढे पुढे जा. ती जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी उघडते. तिथे रेडिएटरची झळ पोचायच्या आधीची, बाहेरची हवा मिळते. पैसे खर्च करायचेच असतील तर ती नळी फाटलेली नाही ना, क्लिप सैल नाही ना, डब्याचं झाकण नीट बसतंय ना, हे पाहा. कागदी फिल्टर बदला. द्राक्षाच्या हंगामात बागेतल्या कच्च्या रस्त्यांनी फिरणाऱ्यांनी तर लवकरच बदला, कारण उघड्या तेलकट कोनातून बारीक धूळ जास्त आत जाते.

परत सांगतो, कारण कोणी आत्ताच रेडिओ लावला असेल: फिल्टर कोणता हे नंतर. हवा कुठून येते ते आधी.

आता गरम हवा नेहमीच वाईट का? नाही. कार्ब्युरेटरच्या काळात कित्येक गाड्यांमध्ये मुद्दाम एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची गरम हवा घ्यायची सोय असे. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर इतका गार पडतो की दमट थंडीत आत बर्फ धरतो. निफाडला पारा पाचच्या खाली जातो तेव्हाच्या पहाटे आठवा. इंजेक्शनच्या गाड्यांना ती गरज उरली नाही. काही लोक मायलेजसाठी आजही मुद्दाम गरम हवा देतात. त्यात तथ्य आहे, कारण हवा हलकी असली की तीच ताकद मिळवायला थ्रॉटल जास्त उघडावं लागतं, आणि अर्ध्या मिटलेल्या झडपेतून हवा ओढायचे इंजिनाचे कष्ट त्यामुळे कमी होतात. पण हे जरा लांबेल, काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत.

तर दोन मिनिटांत पाण्याचं सांगतो. काही हुशार मंडळी नळी थेट बंपरच्या खाली नेतात. हवा गार मिळते, कबूल. पण पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातलीत, की त्या नळीतून पाणी वर. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हॉर्सपॉवर नाही, इंजिनच नवं. खाली न्यायचीच असेल तर पावसाच्या आधी पूर्ववत करा, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करायला जाऊ नका.

डिझेलवाल्यांचं राहिलंच. पिकअपवाले, जीपवाले, तुमच्याकडे टर्बो आहे, म्हणजे माप दाबून भरणारा. दाबलं की हवा तापते, म्हणून पुढे इंटरकूलर. त्याच्या जाळीत धूळ आणि किडे अडकून बसतात. उन्हाळ्याच्या आधी ती धुवून घ्या, पण पाण्याचा फवारा कमी जोराचा ठेवा आणि समोरून सरळ मारा, तिरका मारलात तर जाळीच्या पात्या वाकतात. बोनेटवर हवेचं भोक असेल तर ते आत इंटरकूलरपर्यंत जातं की नुसतं शोभेचं प्लास्टिक आहे, ते तेवढं हात घालून बघा. इंजिन गार असताना.