रथाचा दोर आणि गॅलरीतली खुर्ची

(जबलपूरमधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मिरवणूक बघण्याचा आहे. मिरवणूक कोणी काढली, कोणत्या रस्त्याने नेली, कुठे अडवली यावर समाजशास्त्रात भरपूर लिहून झालंय. बघणारा कुठे उभा असतो, तिथे कसा पोचतो आणि त्याच्या पायाखाली कोण असतं, यावर आपण फारसं बोलत नाही.

जबलपूरला मोठ्या मिरवणुकीचं अप्रूप नाही. तुम्ही रोज ज्या कमानिया गेटखालून जाता, ते १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभं आहे. काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन, म्हणून अध्यक्षांच्या रथाला बावन्न हत्ती. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, त्यामुळे रथात त्यांचा फोटो. ही गोष्ट या शहरात मी निदान दहा जणांकडून ऐकली असेल. हत्ती सगळ्यांच्या लक्षात आहेत. माहूत, चारा आणणारे, मागून रस्त्यावरची लीद उचलणारे मात्र मी ऐकलेल्या एकाही आठवणीत नाहीत. माझा पुढचा सगळा मुद्दा याच धाग्याचा आहे.

आता जरा लांब जाऊ. गोंदियाकडचा एक मुलगा, मला ज्युनियर होता. घरातला पहिला पदवीधर. आई धानाच्या बांधीत मजुरीला जाते. त्याला कंपनीने सहा महिन्यांसाठी ब्राझीलला पाठवलं. तिथून त्याने मला एक जाहिरात पाठवली: "ताई, रिओचा कार्निव्हल बघायचाय. हे प्रीमियम पॅकेज घेऊ का? बघून सांग ना."

पॅकेजची किंमत त्याच्या आईच्या वर्षभराच्या मजुरीपेक्षा जास्त होती, पण ते बाजूला ठेवू. मी यादी वाचली. हॉटेलवरून एसी बस. इंग्रजी बोलणारा गाईड. वेगळं प्रवेशद्वार. उंचावरची खास गॅलरी. रात्रभर खाणंपिणं. स्वच्छ संडास. गॅलरीत जाण्यासाठी खास टी-शर्ट. पहाटे बसने परत हॉटेल. यातली एकही गोष्ट मिरवणूक नाही. मिरवणूक समोरच्या स्वस्त पायऱ्यांवरूनही तीच दिसते. मग वरचे पैसे कशाचे? गर्दीचं अंग आपल्या अंगाला लागू नये, याचे. ब्राझीलमध्ये आपल्यासारखी जात आहे असं मी म्हणत नाही. पण अंग लागू न देणं ही विकत घेण्याची वस्तू होते, तेव्हा आपल्या कानांना ते ओळखीचं वाटायलाच हवं.

एक गोष्ट मध्येच सांगते. मी बाई आहे. रात्रभराच्या गर्दीत स्वच्छ संडास आणि परतीची सुरक्षित गाडी यांची किंमत मला ठाऊक आहे. या सोयींना मी चैन म्हणणार नाही. त्या फक्त गॅलरीवाल्यांनाच का, हा प्रश्न मात्र विचारणार.

गाईडकडे येऊ. तो पिसांचे पोशाख दाखवेल, रथांची उंची सांगेल. या रस्त्यावर नाचणाऱ्यांचे खापरपणजोबा कोण होते, हे तो सांगेल का? ब्राझीलने गुलामगिरी १८८८ साली बंद केली, अमेरिका खंडांतल्या देशांत सगळ्यात शेवटी. सुटका झालेल्यांना ना जमीन मिळाली ना शाळा. ते शहरांच्या कडेला, डोंगरउतारांवर वस्त्या करून राहिले. साम्बा त्या वस्त्यांतला, आणि सुरुवातीच्या काळात त्यासाठी पोलीस लोकांना धरून नेत. १९२८ साली मांगेरा या वस्तीचं मंडळ उभं राहिलं. तिकडे त्याला 'साम्बा स्कूल' म्हणतात, पण ती शाळा नव्हे, आपल्याकडच्या वस्तीतल्या मंडळासारखंच प्रकरण. १९३२ साली एका वर्तमानपत्राने या मंडळांची पहिली स्पर्धा भरवली. १९८४ साली ऑस्कर निमायर या वास्तुकाराने आखलेला पक्का मिरवणूक-मार्ग उघडला. त्याला सांबाड्रोम म्हणतात. त्याआधी दर वर्षी तात्पुरत्या पायऱ्या बांधत आणि मोडत.

या सांबाड्रोमची एक गोष्ट मला फार आवडते. ते बांधलं तेव्हा पायऱ्यांच्या खाली सरकारी शाळेच्या वर्गखोल्या काढल्या होत्या. कल्पना दार्सी रिबेरो यांची. ते मानववंशशास्त्रज्ञ होते आणि त्या वेळी त्या राज्याचे उपराज्यपाल. कार्निव्हल चार रात्रींचा, बाकी वर्षभर तिथे पोरांनी शिकावं. तुमच्यापैकी कोणी शहर नियोजन शिकत असेल, तर हे टिपून ठेवा. आपल्याकडच्या स्टेडियमखाली दुकानांचे गाळे निघतात.

पण त्याच पायऱ्यांवर थर आहेत. टोकाच्या स्वस्त पायऱ्या, मग पर्यटकांसाठी क्रमांकाच्या जागा, मग रस्त्याला लागून बॉक्स, त्याच्या वर खास गॅलऱ्या. प्रत्येक थरातला माणूस खालच्या थराकडे बघून आपण बरे म्हणतो आणि वरच्याकडे बघून हळहळतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली ती जातीबद्दल. तिचा हा गुण, म्हणजे सगळ्यात वरच्याशी भांडण न होता शेजारच्याशीच चढाओढ होत राहते, तिकीट-खिडकीवरही दिसतो.

रिओहून मोठा धडा साल्व्हादोर या शहरात आहे. बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे. तिथला कार्निव्हल रस्त्यावरचा. मोठ्या ट्रकवर गायक आणि भोंगे, आणि ट्रकच्या सभोवती माणसांनी धरलेला जाड दोर. ज्यांनी पैसे भरून मंडळाचा टी-शर्ट घेतला ते दोराच्या आत नाचतात. बाहेर राहिलेल्या फुकट्या गर्दीला तिकडे 'लाह्या' म्हणतात, आपल्या मक्याच्या लाह्या. दोर धरणारे रोजंदारीचे, बहुतेक गरीब वस्त्यांतले काळे स्त्री-पुरुष. ट्रकबरोबर तासन् तास चालायचं, आतल्यांना बाहेरच्यांचा धक्का लागू द्यायचा नाही. म्हणजे स्वतःच्याच शेजाऱ्यांना, कधी स्वतःच्याच भावाला, हातातल्या दोराने मागे रेटायचं, आणि त्याची मजुरी घ्यायची. तिथेच १९७४ साली 'इले आये' नावाचं मंडळ काळ्यांनी काळ्यांसाठी काढलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यालाच वंशवादी ठरवलं. आपल्याला यात नवं काही नाही. स्वतंत्र वसतिगृह मागितलं की जातीयवादी कोण ठरतं, तुम्ही बघितलंय.

दोराचं वाचत होते तेव्हा मला नाशिक आठवलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. दरवाजा लक्षात राहिला, रथ कमी लोकांच्या लक्षात आहे. ९ एप्रिलला रामाच्या रथाची मिरवणूक होती. तडजोड अशी ठरली की दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेब निवडक माणसं घेऊन मंदिराच्या दाराशी उभे होते. आपल्या माणसांचा हात लागायच्या आत सवर्णांनी रथ ओढून पळवला. पाठलाग झाला, दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. बाबासाहेबांनाही लागलं. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो सत्याग्रह १९३५ पर्यंत टिकवला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. रथ मागे पडला तो कायमचा.

साल्व्हादोरमध्ये गरिबाला दोर धरण्याची मजुरी मिळते. नाशकात आपल्या माणसांना दोराला हात लावायचा होता, तर त्यांच्यावर दगड आले. दोन्हीकडे दोर म्हणजे सीमारेषाच. पण एक फरक आपण सोडून देता कामा नये. साल्व्हादोरचा टी-शर्ट पैसे असतील तर कोणालाही मिळू शकतो, निदान कागदावर. नाशकातल्या दोराला किंमतच नव्हती, तो जन्माने मिळायचा. म्हणून आपल्यातले काही जण तिकिटाला सरसकट शिव्या घालतात तेव्हा मी त्यांच्या बाजूने नसते. तिकीट जात विचारत नाही. एसटीत, रेल्वेत, सिनेमात तिकिटाने आपल्या आजोबांना जी खुर्ची दिली ती गावाने दिली नव्हती. मी त्या मुलाला हेच लिहिलं: तुझ्या कष्टाचा पैसा आहे, हवं तर घे, अपराधी वाटून घेऊ नकोस. जमलं तर पायऱ्यांवरचं तिकीट घे, आणि गाईड ठेवण्यापेक्षा मांगेराने २०१९ साली काय सादर केलं ते आधी वाच. इतिहासाच्या पुस्तकांनी गाळलेले आदिवासी आणि काळे वीर त्यांनी रस्त्यावर आणले, आदल्या वर्षी गोळ्या घालून मारलेल्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांचं नाव गाण्यात घेतलं, आणि त्या वर्षीची स्पर्धाही जिंकली.

जबलपूरकडे परत येऊ. दसऱ्याच्या चल समारोहात इथे कोणी पॅकेज विकत नाही. मग सगळे सारखे उभे राहतात का? रस्त्याच्या कडेचे स्वागत मंच बघा. वर फ्लेक्स, त्यावर चेहरे, मंचावर खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या. या खुर्चीचं तिकीट कुठेच मिळत नाही. ती ओळखीवर मिळते: कोणाचा भाचा, कोणाचा पक्ष, कोणाचं दुकान. आपल्यासारख्या, घरात पहिल्यांदा पदवी आलेल्या माणसाला पैसा एकवेळ कमावता येतो. ओळख कुठून आणणार? ती दोन-तीन पिढ्यांची ठेव असते. बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सामाजिक भांडवल म्हटलं, आणि नोकरीच्या मुलाखतीला जाताना तुम्हाला ते जाणवतंच. रिओच्या खुर्चीवर निदान किंमत छापलेली असते.

आणि लग्नाची वरात बघा, सांबाड्रोमपर्यंत जायला नको. डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन चालणाऱ्या बाया, सगळ्या एकाच वायरीला बांधलेल्या, मागे जनरेटरची गाडी. नाचणाऱ्यांना उजेड हवा म्हणून त्यांना ओळ सोडता येत नाही, थांबताही येत नाही. कोणाचं तरी पोर कडेला चालत असतं. व्हिडिओवाला कॅमेरा फिरवतो तेव्हा त्या चौकटीबाहेर जातात. मी एम.ए.ला असताना त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली आणि माझ्या संशोधनाचा विषय तिथूनच निघाला.

आता झाडूवाल्यांविषयी. यासाठीच खरं तर आज रिओ काढलं. सांबाड्रोममध्ये एक मंडळ नाचून गेलं की दुसरं यायच्या आधी नारिंगी गणवेशातले सफाई कामगार रस्ता झाडतात. १९९७ साली त्यांच्यातला एक जण झाडता झाडता साम्बा नाचला आणि पायऱ्यांवरचे लोक वेडे झाले. रेनाटो सोरीझो नावाने तो देशभर गाजला, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपातही झाडू घेऊन नाचला. गॅलरीतल्या पाहुण्यांना हसरा झाडूवाला आवडतो. मला त्याचा आनंद खोटा वाटत नाही. पण पुढचं ऐका. १ मार्च २०१४, ऐन कार्निव्हलमध्ये, रिओच्या सफाई कामगारांनी संप केला. युनियनच्या नेत्यांनी परस्पर केलेला करारही त्यांनी मानला नाही. कामावरून काढण्याच्या धमक्या आल्या. शहरभर कचऱ्याचे ढीग साचले आणि जगभरच्या पाहुण्यांनी ते पाहिले. आठ दिवसांत मूळ पगार ८०३ रियाल होता तो १,१०० वर गेला, म्हणजे सुमारे ३७ टक्के वाढ. संपाची वेळ त्यांनी नेमकी निवडली होती. ज्या चार रात्री सगळे बघायला येतात, त्याच रात्री.

या ठिकाणी मला आपल्या घराकडे यायचंय. १४ एप्रिलची मिरवणूक आपली. तिथेही आता स्वागत मंच आले, फ्लेक्स आले, डीजे आले. पोरं रात्रभर नाचतात, नाचू देत, वर्षातून एकदा रस्ता आपला असतो. १५ तारखेला सकाळी तो रस्ता झाडायला कोण येतं? बहुतेक ठिकाणी आपल्याच, नाहीतर आपल्या शेजारच्या जातीची माणसं, ठेकेदाराच्या हजेरीवर. वाल्मिकी वस्तीतल्या बाईसाठी बाबासाहेबांची जयंती म्हणजे जास्तीची एक पाळी असेल, तर आपण कोणत्या गॅलरीत बसलो आहोत?

तुमच्यातले तिघे-चौघे जयंती समितीत आहेत, मला माहीत आहे. वर्गणीची वही काढा. डीजेसमोर किती आकडा आहे, मंडपासमोर किती, आणि रस्ता झाडणाऱ्यांच्या नावाने ओळ तरी आहे का, बघा. नसेल तर या वर्षी ती ओळ घाला, ठेकेदाराच्या हातात न देता थेट त्यांना द्या, आणि वीस-पंचवीस जणांनी सकाळी सहाला झाडू घेऊन त्यांच्याबरोबर या. मिरवणुकीच्या मार्गावर बायांसाठी तात्पुरते संडास किती लावायचे, हाही खर्च त्याच वहीत लिहायचाय. माझ्या अंदाजाने डीजेचा एक भोंगा कमी केला तर दोन्ही बसतं. हिशेब करून बघू या. वही आज कोणाकडे आहे?