संमेलनांतील नाच आणि पोशाख

शाळेचें स्नेहसंमेलन जवळ आलें कीं घरोघर पोशाखाची चर्चा सुरू होते. हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. त्यांत न्यायाचाही भाग आहे.

अमेरिकेंत शाळेचा निरोप घेतांना 'प्रॉम' नांवाचा नृत्यसमारंभ होतो. प्रथम तो महाविद्यालयांत होई; पुढें शाळांत आला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेंत त्यास बहर आला. मुली जाळीदार कापडाचे घोळदार झगे घालीत. मुलगे कोट घालून गळ्याशीं बो बांधीत. १९५७ पासून 'अमेरिकन बँडस्टँड' हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर देशभर दिसूं लागला, आणि नवा नाच घराघरांत पोंचला. परंतु दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळाच निराळ्या होत्या. सबब नाचही निराळे. पुढें शाळा एक झाल्या, तरी कित्येक ठिकाणीं नाच निराळेच राहिले!

आपल्याकडे नव्या नाचाचें लोण चित्रपटांतून आलें. १९५१ सालीं भगवानदादांचा 'अलबेला' निघाला. संगीत सी. रामचंद्रांचें, त्यांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. भगवानदादांचा नाच म्हणजे दोन हात, खांदे आणि ठेका. कोणाही पोरास जमावा असा. म्हणूनच तो गणपतीच्या मिरवणुकींत शिरला. त्यास भाड्याचा पोशाख लागत नव्हता.

आतां काय दिसतें? पैठण रस्त्यावरील आमच्या चितेगांवीं कारखान्यांतील कामगारांचीं बिऱ्हाडें पुष्कळ. एका नाचाकरितां चमकीचा पोशाख भाड्यानें आणावयाचा, आणि घरीं तेवढे पैसे नसावयाचे. मग तें मूल 'मला नाच आवडत नाहीं' असें सांगून बाजूस बसतें, आणि आपण तें खरें मानतों. मुलींची अडचण आणखी निराळी. लहानपणीं कौतुकानें नाचविलेली मुलगी नववींत गेली कीं तिला घरूनच मनाई होते.

यास उपाय आपल्याच अंगणांत आहे. लेझीम पाहा. अंगावर गणवेश, हलगीचा ठेका, आणि पन्नास मुलें एका पावलावर! त्यांत सधन कोण, निर्धन कोण, हें ओळखतां येत नाहीं. चित्रपटांतील नाचही खुशाल करावा. मात्र तो गणवेशावर कमरेस रंगीत शेला बांधून करावा. शेले शाळेनेंच घ्यावे, जपून ठेवावे आणि दरवर्षीं वापरावे. सराव शाळेच्या वेळांतच घ्यावा व पालकांस तो पाहूं द्यावा, म्हणजे थोरल्या मुलींनाही घरून संमति मिळणें सोपें होईल.

नाच ही तारुण्याची स्वाभाविक ऊर्मि आहे; ती दडपूं नये. परंतु तिच्या दारावर पैशाचा पहारेकरी बसवूं नये.