जे दिसत नाही ते सांगा



कॉमेंट्री म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. पूर्वी घरातली पुरुषमंडळी रेडिओला कान लावून बसायची आणि आपल्यालाही चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकू यायचं. चेंडू कुठे पडला, कुणी टोलवला, कुणी झेल सोडला, सगळं तो बोलणारा सांगायचा. त्याला सांगावंच लागायचं, कारण आपल्याला मैदान दिसत नव्हतं.

आज आम्ही दुसऱ्या एका कॉमेंट्रीबद्दल बोलणार आहोत. ही सिनेमाची कॉमेंट्री. तुम्ही म्हणाल, या बायकांना हे काय सुचलं? पण ती ऐकली नसती, तर आमच्या हातून झालेली एक चूक तशीच राहिली असती. ती कोणती, ते शेवटी सांगतो.

लग्नाची सीडी बघायला म्हणून घेतलेला डीव्हीडी प्लेअर पुष्कळ घरांत अजून टीव्हीखाली धूळ खात पडलेला असेल. परदेशी सिनेमांच्या डीव्हीडीवर एक सोय असते. भाषा निवडायची असते तिथेच कॉमेंट्रीचंही एक बटण असतं. ते दाबलं की सिनेमा तोच चालतो, पण पात्रांचे आवाज बारीक होतात आणि वरून दिग्दर्शक बोलू लागतो. आत्याबाई लग्नाचा अल्बम उघडून शेजारी बसतात ना, अगदी तसं. "हा हसतोय बघ, पण याचं पाकीट तेव्हाच मांडवात हरवलं होतं." फोटोत पाकीट कुठे दिसतं? आत्याबाई नसत्या तर आपल्याला कळलंही नसतं.

चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. घरी बघायच्या सिनेमावर अशी बोलणी सुरू झाली ती १९८४ साली, अमेरिकेत. तेव्हा डीव्हीडी नव्हती, जेवणाच्या ताटाएवढी मोठी लेझर डिस्क होती. क्रायटेरियन नावाच्या कंपनीने १९३३ सालचा 'किंग काँग' तिच्यावर आणला. त्या सिनेमाचे दोन्ही दिग्दर्शक तोवर वारले होते. मग सिनेमाचा इतिहास जाणणारे रोनाल्ड हेव्हर हे गृहस्थ सिनेमा चालू असताना त्याची हकीकत सांगत गेले. पुढे खुद्द दिग्दर्शकच बोलायला बसू लागले.

आमच्यातल्या एकीची लेक शहरात शिकते. ती सुट्टीत अशा डीव्हीडी घेऊन आली. आम्हाला इंग्रजी येत नाही. ती थांबवून थांबवून मराठीत सांगायची. एकेका सिनेमाला तीन-तीन रात्री लागल्या, पण आम्ही उठलो नाही.

आधी वाईट कॉमेंट्रीचं सांगतो, म्हणजे चांगली कोणती ते लवकर कळेल. 'टोटल रिकॉल' हा १९९०चा मारधाडीचा सिनेमा, मंगळावर घडणारा. त्याच्यावर दिग्दर्शक पॉल व्हर्होव्हन आणि नायक आर्नोल्ड श्वार्झनेगर दोघे बोलतात. दिग्दर्शक बिचारा काही सांगू बघतो. आर्नोल्ड मात्र बराच वेळ पडद्यावर जे दिसतंय तेच सांगतो. आता मी इकडे जातोय, आता हा मला मारायला येतोय, असं. आम्ही हसून हसून लोळलो. जगभरचे सिनेमावेडे या कॉमेंट्रीला हसतात म्हणे. अहो, आम्हाला डोळे आहेत की! क्रिकेट रेडिओवर होतं म्हणून सगळं सांगावं लागत होतं. इथे तर चित्र समोर आहे.

वाईटाचे आणखीही प्रकार आहेत. कुणी सगळ्यांची नुसती स्तुती करत बसतं. हा फार गुणी, ती फार गुणी, सगळ्यांनी फार छान काम केलं. सत्काराच्या कार्यक्रमात बसल्यासारखं वाटतं. कुणी दहा दहा मिनिटं गप्पच बसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस उठून घरी गेला की काय.

आता चांगल्याकडे येऊ. 'द गॉडफादर' हा १९७२ सालचा गाजलेला सिनेमा, एका गुंडांच्या घराण्याचा. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला. एवढा मोठा माणूस, पण कॉमेंट्रीत बढाई नाही. उलट तो सांगतो, की आपल्याला कामावरून कधी काढतील याची तेव्हा सतत धास्ती होती. ज्या नटांमुळे सिनेमा गाजला, ते मार्लन ब्रँडो आणि अल पचिनोसुद्धा कंपनीला आधी नको होते. शेवटाकडे एका तान्ह्या बाळाचा चर्चमधला नामकरणाचा विधी आहे. ते बाळ म्हणजे कपोलाची स्वतःची मुलगी सोफिया. तीही मोठी होऊन दिग्दर्शक झाली.

त्यातलं एक तर आम्हाला फारच आवडलं. सिनेमात एक जाडजूड गुंड नायकाला स्वयंपाक शिकवतो. आधी तेल, मग लसूण, मग टोमॅटो, असं करत रस्सा कसा करायचा ते दाखवतो. कपोला म्हणतो, सिनेमा पडला तरी लोकांना निदान एक पदार्थ करता येईल, म्हणून मी ती कृती घातली. आमच्यातली एक म्हणाली, "हा माणूस आपल्यातला आहे. दूध नासलं तरी त्याचं पनीर करणारा."

'द लाइमी' नावाचा १९९९चा सिनेमा आहे. त्याच्या कॉमेंट्रीत दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्ज शेजारी बसलेत आणि चक्क भांडतायत. लेखक तोंडावर म्हणतो, मी लिहिलेली माणसं तू कापून टाकलीस, ती का वागतात ते कळतच नाही. दिग्दर्शक आपली बाजू मांडतो. गंमत म्हणजे हे भांडण त्याने पुसून टाकलं नाही, डीव्हीडीवर तसंच ठेवलं. आमच्या गटाच्या बैठकीचं इतिवृत्त आठवलं. त्यात नेहमी "सर्वानुमते ठरले" असं लिहिलेलं असतं. तासभर झालेला वाद त्यात कुठेच नसतो.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा न्यूझीलंडमध्ये केलेला तीन भागांचा मोठा सिनेमा. त्याच्या लांबवलेल्या आवृत्तीत एकेका भागावर चार-चार कॉमेंट्र्या आहेत. एकीत दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि त्याच्याबरोबर लिहिणाऱ्या दोघी, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स. दुसरीत नट. उरलेल्या दोनांत वस्तू, पोशाख, देखावे घडवणारे आणि बाकीची सगळी पडद्यामागची माणसं. म्हणजे मालकाला बोलवलं, तसंच कारागिरांनाही बोलवलं. या सिनेमातल्या सैनिकांची चिलखतं कड्यांत कडी अडकवून केलेली आहेत. ती प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या कापून हाताने गुंफली. गुंफणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या, असं सांगतात. हे ऐकलं आणि आमच्यातल्या एक मावशी स्वतःचा अंगठा पाहू लागल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा ठसा उमटत नाही. जन्मभर खुरपं धरलंय. त्या म्हणाल्या, "त्यांना कुणीतरी विचारलं तरी. आम्हाला मशीन नुसतं नाही म्हणतं."

आणि सगळ्यात चांगली कोणती, तर आमच्या मते 'अपोलो १३'ची. १९७० सालच्या एप्रिलमध्ये तीन अमेरिकी माणसं चंद्राकडे निघाली होती. वाटेत यानातली प्राणवायूची टाकी फुटली. चंद्रावर उतरणं राहिलं, जीव वाचवून परत येणं एवढंच उरलं, आणि तिघेही परत आले. त्यावर रॉन हॉवर्डने १९९५ साली सिनेमा केला. त्याची स्वतःची कॉमेंट्री आहेच. पण दुसरी एक आहे, ती त्या यानाचे कप्तान जिम लव्हेल आणि त्यांच्या पत्नी मेरिलिन यांची. दोघे नवरा-बायको आपल्याच आयुष्यावरचा सिनेमा बघत बोलतायत. हे असं झालं होतं, हे सिनेमासाठी वाढवलंय.

सिनेमात मेरिलिनबाईंच्या बोटातली लग्नाची अंगठी अंघोळ करताना निसटून मोरीच्या जाळीतून खाली जाते. बघताना पोटात गोळा येतो. असं वाटतं, हे सिनेमावाल्यांनी रचलेलं असणार. पण ते खरंच घडलं होतं. फक्त अंगठी खालच्या नळीच्या वळणात अडकली होती आणि परत मिळाली. हे सांगायला तीच बाई हवी. नवरा आकाशात होता तेव्हा ती मुलांना घेऊन घरी होती. यान कसं बिघडलं ते पुस्तकात सापडेल. घरातले ते दिवस कसे गेले, ते तिलाच ठाऊक होतं.

आपल्याकडच्या सिनेमांच्या डीव्हीडीवर गाण्यांची यादी असायची, कॉमेंट्री फारशी नसायची. मीरा नायर यांच्या 'मान्सून वेडिंग'वर मात्र त्यांची स्वतःची कॉमेंट्री आहे. दिल्लीतल्या एका लग्नघराचा तो सिनेमा. त्या घरात पाहुण्यांच्या हसण्याखाली एक दडवलेलं दुःख असतं, आणि एक मुलगी धीर करून ते बोलते.

आता आमची चूक. आमच्या गावात आम्ही बायकांनी खपून मातीचा बंधारा घातला. एका संस्थेने त्यावर बारा मिनिटांची फिल्म केली आणि सांगितलं, तुमचा आवाज तुम्हीच द्या. आम्ही रेडिओच्या खोलीत बसलो आणि बोललो. "इथे आम्ही माती उचलतोय. इथे आम्ही दगड रचतोय. इथे पाणी आलं, सगळ्यांना आनंद झाला." रेडिओची सवय, दुसरं काय! सगळ्यांनी छान झालं म्हटलं. आम्हालाही वाटलं, छान झालं.

आर्नोल्डला हसून झाल्यावर त्या रात्री घरी जाताना एक जण म्हणाली, "बायांनो, आपण तरी वेगळं काय केलं?" सगळ्या गप्प झाल्या.

फिल्मच्या शेवटी पाणी येतं तेव्हा आम्ही सगळ्या काठावर उभ्या आहोत, हसतोय. पण एक जण त्या चित्रात नाही. तिची चार गुंठे जमीन त्या पाण्याखाली गेली. तिने बैठकीत हो म्हटलं होतं. गावाच्या भल्यासाठी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून ती बंधाऱ्याकडे फिरकली नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललो नव्हतो. "सगळ्यांना आनंद झाला" म्हणून मोकळ्या झालो होतो.

आम्ही तिच्या घरी गेलो. ती आधी म्हणाली, "माझं काय त्यात? मी तर फिल्ममध्ये नाहीच." आम्ही म्हटलं, "म्हणूनच तुम्ही बोला, वहिनी." दोन दिवस तिने विचार केला. मग आली. फार नाही बोलली. त्या तुकड्यात तिच्या सासऱ्यांनी लावलेला एक आंबा होता, तो कुठे होता ते तिने पाण्यावर बोट ठेवून दाखवलं. "हितं," म्हणाली. मग म्हणाली, "पाणी आलं ते चांगलंच झालं. पण आंबा होता, एवढं लिवून ठेवा." आम्ही सगळी फिल्म नव्याने बोललो. ग्रामसभेत ती लावली तेव्हा त्या जागी कुणी हाललं नाही. मोबदल्याचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा असं त्याच दिवशी ठरलं, आणि या वेळी इतिवृत्तात वादासकट लिहिलं गेलं.

तर मैत्रिणींनो, घरातला एखादा अल्बम, मोबाइलमधला एखादा व्हिडिओ काढा. सासूबाईंना, जावेला, शेजारणीला जवळ बसवा. दिसतंय ते सोडून द्या. तेव्हा भीती कशाची वाटत होती, भांडण कशावरून झालं, आणि चित्रात कोण नाही, एवढं एकमेकींना विचारा. आणि ते मोबाइलवर टिपून आमच्याकडे पाठवा. आम्ही रेडिओवर लावू.